मी पाहिलेला बिबट्या

१० डिसेंबर, मंगळवार

आज अंगणवाडीत गेले नाही. मदतनीस बाईला फोन करून सांगितलं, खिचडी तू बघ.

सकाळी पावणेसहाला किंकाळी ऐकून बाहेर पळाले. ऊसतोडीची टोळी आमच्याच रानात उतरलीय, आठ कोप्या, पाचटाच्या झोपड्या. त्यातली कांता, परतूरकडच्या आष्टीची, घागर घेऊन विहिरीला निघाली होती. वाट आमच्या गोठ्यामागून जाते. हे मोटर चालू करायला वरच्या तुकड्यात गेल्ते. मी पोचले तर कांता बांधाला टेकून बसलेली, उजवा हात कोपराखाली फाटलेला, घागर आडवी. आणि भुऱ्या, आमचं कुत्रं. शेपूट पोटात घालून गोठ्याकडं निघालेला. तोंड लाल.

रात्री भुऱ्याला मीच सोडलं होतं. हे म्हणाले होते, टोळी आलीय, लेकरं फिरतात, बांधून ठेव. पण कालव्याच्या कडेला बिबट्याचे ठसे दिसल्यापासून कुत्रं मोकळं असलं की मला झोप लागते.

कोप्यांतनं माणसं पळत आली. "काय होतं बाई? काय होतं?"

मी म्हणाले, बिबट्या.

एवढंच. एक शब्द. माझ्या तोंडून निघाला आणि त्या क्षणाला सगळ्यांनी उसाकडं पाहिलं. गोठ्याकडं कुणीच नाही.

जीप शफीकभाईंची. आमच्या बांधाला बांध आहे त्यांचा, शेळ्यांचा व्यापार करतात. कांता, तिचा नवरा आणि मी, असे दवाखान्यात. त्याच्या आधी दोन मिनिटं मागितली. साडी बदलते म्हणाले. गोठ्यात जाऊन भुऱ्याचं तोंड धुतलं आणि त्याला बांधलं. साडी बदललीच नाही.

डॉक्टरांनी विचारलं, जनावर कोणतं? कांता माझ्याकडं बघत होती. मी परत तेच सांगितलं. सतरा टाके. डॉक्टर म्हणाले, "कुठलंही जनावर असो, इंजेक्शनं सगळी घ्यायची. एकही चुकवायचं नाही." हे ऐकून जिवात जीव आला. म्हणजे कांताचं काही अडलं नाही. असं मी स्वतःला सांगितलं.

कांताला ठेवून घेतलं, नवरा तिच्याजवळ थांबला, येताना जीपमध्ये शफीकभाई आणि मी दोघंच. वडीगोद्रीचा फाटा आला. मग समोर बघतच म्हणाले, "बाई, मैं तीस साल से बकऱ्यांके जखम देख रहा. बिबट्या गला पकडता. हात नै चबाता."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मैं कुछ नै बोलता," ते म्हणाले. "आप देखो."


११ डिसें., बुधवार

वनरक्षक आला. तरुण आहे, नम्र. गोठ्यामागची माती बघून म्हणाला, "मॅडम, इथं तर कुत्र्याचे पाय दिसतात."

मी म्हणाले, आमचाच आहे, दिवसभर तिथंच हिंडतो.

मग कालव्याकडं गेला. तिकडं बिबट्याचे ठसे होतेच. महिनाभर आहेत. त्यानं आजवर गावाचं काय नेलं? दोन बेवारशी कुत्री आणि रानडुकरांची पिल्लं. उलट हे म्हणायचे, राहू दे, ऊस वाचतो.

जबाब मीच लिहिला. वनरक्षक म्हणाला, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा. "सकाळी ओरडण्याचा आवाज ऐकून मी बाहेर आले असता उसातून पिवळ्या रंगाचे ठिपक्यांचे जनावर निघून जाताना मी स्वतः पाहिले." खाली सही. तारीख.

'ठिपक्यांचे' हा शब्द त्यानं सांगितला नव्हता. मी घातला.

अंगणवाडीच्या रजिस्टरात एका लेकराचं वजन पन्नास ग्रॅम जास्त लिहायला माझा हात कचरतो. पर्यवेक्षिका मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, थोडं वाढवून लिहा हो, आकडे बरे दिसतात. मी नाही म्हणाले होते. त्याचा मला अजून अभिमान आहे. होता.


१३ डिसें., शुक्रवार

हायवेवर रास्ता रोको. दोन तास. पिंजरा लावा, नाहीतर ऊस तोडणार नाही. सरपंचानं भाषणात माझं नाव घेतलं, "आपल्या अंगणवाडीच्या बाईंनी डोळ्यांनी पाहिलंय." टाळ्या पडल्या.

संध्याकाळी पिंजरा आला. आत शेळी बांधली. शेळी शफीकभाईंची. विकत मागितली तर नाही म्हणता आलं नाही त्यांना. मी दिसले तेव्हा ते शेळीच्या पाठीवर हात फिरवत होते. वर पाहिलं नाही.


२० डिसें., शुक्र.

दहा दिवस झाले. दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलं होतं, चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तसं ठेवलं. रोज सकाळी आधी गोठ्यात. पाणी पितो का, लाळ गळते का. भाकरी खातो, शेपूट हलवतो, मला चाटतो. ठणठणीत आहे.

कुणाला सांगता येत नाही की बरं वाटलं.


२२ डिसें., रविवार

अडकला.

पहाटेच कळलं. सगळं गाव तिकडं. मोबाईल वर करून माणसं उभी, हे सांगत होते. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. पण आवाज वस्तीपर्यंत येत होता. डरकाळी नाही. लोखंडावर काहीतरी आपटल्यासारखा, थांबून थांबून.

हे परत आले, चहा मागितला, प्यायले नाहीत. म्हणाले, "पिंजऱ्याच्या गजाला दातं मारून राह्यला. तोंड फुटलंय त्याचं."

शेळी जिवंत आहे. मधे जाळी होती.


६ जानेवारी, सोमवार

नागपूरला नेला म्हणे. तिथं शहराला लागूनच मोठं जंगल राखलंय, सफारी आहे, असे पकडलेले प्राणी तिथं ठेवतात. वनरक्षक म्हणाला, माणसावर हल्ला केल्याची नोंद आहे, त्यामुळं जंगलात सोडायचा प्रश्न येत नाही.

"किती दिवस ठेवतील?" मी विचारलं.

"कायमचा, मॅडम."

वर्षा नागपूरलाच असते. माझी लेक. दुपारी तिचा फोन. "आई, तुमचा बिबट्या आमच्याकडं आला की." हसत होती.


१९ मार्च, बुधवार

टोळी गेली. कांताची भरपाई मंजूर झालीय. जाताना पाया पडायला आली. डाव्या हातानं पडली. मी तिला साडी दिली. साडी देताना मला माझीच शरम वाटली, पण दिली.


१७ ऑगस्ट, रविवार

डुकरांनी वरच्या तुकड्यातला मका लोळवला. एका रात्रीत. हे बांधावर उकिडवे बसून राहिले. "पहिलं यवढी नव्हती," म्हणाले. मी कालव्याकडं पाहिलं.

भुऱ्या आठ महिने साखळीत आहे. भुंकून भुंकून आवाज बसलाय त्याचा.


२० नोव्हेंबर, गुरुवार

टोळी पुन्हा आली. कांता आहे. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. कोयता धरता येत नाही, म्हणून नवरा तोडतो आणि ती मोळ्या बांधते, दाताने दोरी ओढून.

"बऱ्या हाव ना बाई?" तिनंच मला विचारलं.


२०२६ — १६ जानेवारी, शुक्रवार

नागपूर. जालन्याहून समृद्धीवरनं ट्रॅव्हल्सनं आलो, दुपारी पोचलो. ओवीचं बोरन्हाण आहे उद्या. नात तीन वर्षांची झाली, यापुढं कधी करणार. हलव्याचे दागिने मी घरून करून आणलेत.

वर्षभर वर्षा बोलावत होती. मी काहीतरी सांगून टाळायचे. कधी पोषण आहाराची तपासणी, कधी यांचा गुडघा. आता सुटका नव्हती. आल्या आल्या जावईबापू म्हणाले, "आई, उद्या सकाळची सफारीची तिकिटं काढलीत. ओवीला वाघ बघायचाय." 

हे माझ्याकडं पाहत होते. मी म्हणाले, बरं.


१७ जाने., शनिवार

लिहायलाच हवं. सगळे हॉलमध्ये बोरं-चुरमुरे गोळा करतायत. मी आत आलेय.

सकाळी गेलो. शहर संपतं न संपतं तोच साग सुरू होतो. मला वाटलं होतं बाग असेल. बाग नाही ती. जंगलच आहे. पानगळ झालेली, धुकं, पाण्याच्या कडेला चितळांचा कळप, एकमेकांच्या अंगाला अंग लावून. रोही होता एक, म्हणजे नीलगाय, आपल्याकडं तूर खातो तोच, पण इथं राजासारखा उभा. ओवी बसच्या जाळीला नाक लावून बसलेली. मोर दिसला. अस्वल दिसलं, पाठ खाजवत होतं. मला आवडत होतं. हे खोटं कशाला लिहू? अर्धा तास मी सगळं विसरले होते.

मग मोठं फाटक उघडलं, बस आत गेली, ते बंद झालं, मग दुसरं उघडलं. माईकवर एक मुलगी माहिती सांगत होती. "आता डावीकडं बघा, लाकडी मचाणाच्या खाली. हा नर बिबट आहे. जालना जिल्ह्यातून आणला. तिथं त्यानं एका ऊसतोड करणाऱ्या महिलेवर हल्ला केला होता, म्हणून याला परत जंगलात सोडता येत नाही."

माझं वाक्य होतं ते. माझ्या अक्षरातलं, आमच्या गोठ्यामागचं वाक्य, इथं माईकवर. रोज सांगत असेल ती. दिवसातून किती फेऱ्या.

मी पाहिलं. पहिल्यांदा.

एवढा लहान असेल असं वाटलं नव्हतं. भुऱ्याहून मोठा, पण फार नाही. सावलीत पुढच्या पायांवर डोकं ठेवून पडलेला. ठिपके खरंच ठिपके नसतात, फुलं असतात, मधे पिवळी. बस थांबली तसा त्यानं डोकं उचललं, जांभई दिली. वरचा एक सुळा नाही. अर्ध्यात तुटलेला.

मागच्या सीटवरचा माणूस बायकोला म्हणाला, "डोळे बघ ना, कसा खुनशी आहे. एकदा चटक लागली की लागली."

आणि वर्षा. वर्षा उठून उभीच राहिली. "अगं आई, हा तर तोच. आमच्या रानातला आहे हा. माझ्या आईनं पाहिलं होतं, समोरासमोर."

सगळी बस वळली. त्या माईकवाल्या मुलीनंही विचारलं, "खरंच का काकू? सांगा ना."

हे खिडकीबाहेर बघत होते. ओवीनं माझा पदर ओढला. "आजी, तो आपल्या गावचा आहे?"

मी मान हलवली. ओवीसाठी हलवली की बससाठी, कोण जाणे. सगळ्यांनी तो 'हो'च धरला. एक बाई म्हणाल्या, बापरे, मोठी हिंमत तुमची.

पुन्हा एकदा. एका वर्षानंतर, त्याच्याच समोर.

त्यानं डोकं परत पायावर ठेवलं. बस निघाली.


१८ जाने., रविवार

देवळात जाते सांगून रिक्षा केली आणि परत तिथं गेले. आत जायचं नव्हतं. फाटकाजवळ बाकावर बसले. शेवटी खाकी कपड्यातला एक माणूस टिफीन उघडून शेजारी बसला. पन्नाशीचा. प्राण्यांना खाणं घालायचं काम, अकरा वर्षं झाली. गाव तिकडं रामटेकजवळ.

जालन्याचा बिबट्या म्हटल्यावर हसला. "शांत आहे जी तो. लोकं उगाच घाबरतात. मी दार वाजवलं का येते, खाते, जाते."

"खुनशी नाही?"

"छे. आला तेव्हा वाईट हालत होती. सुळा तुटून आला होता, पिंजऱ्यात चावलं असंल. आठ दिवस तोंड लावलं नाही कशाले. भिंतीकडं तोंड करून बसे. मी बोलत बसो त्याच्याशी. काय बोलणार आता, आपलं घरचंच."

दात तुटला म्हणूनच सोडत नाहीत का, विचारलं.

"एका सुळ्यानं बी जगते जी जंगलात. सोडले आहेत असे. ते साहेब लोक तपासतात, ठरवतात. पण याच्या कागदावर माणसाचं आहे ना. तो कागद आडवा येते." त्यानं डबा पुढं केला. "घ्या, वांग्याची भाजी आहे."

घेतली. तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानंच, असं तो समजला, पाणी दिलं प्यायला.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायला तोच सगळ्यात सोपा माणूस होता. म्हणूनच सांगितलं नाही बहुतेक.


२० जाने., मंगळवार

घरी. यांना सांगितलं. सगळं, भुऱ्यापासून.

हे ऐकत राहिले, मग म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"गोठ्यातली बादली. पाणी लाल होतं. मीच वतलं ना ते."

तेरा महिने. एका ताटात जेवतोय, एका छपराखाली झोपतोय. मला वाटत होतं मी त्यांच्यापासून लपवतेय.

"मंग बोलला का न्हाईत?"

"तू जबाब लिहून दिल्ता. सरपंच तुझं नाव घेऊ लागला. मी काय म्हणू, बायकू खोटं बोलती?" मग म्हणाले, "आता उकरून काय भेटणार? ह्याच्यात तुझी नोकरी जाईल. लोकं तोंडावर थुकतील. बिबट्याला काय कळतंय कोण खोटं बोललं."

तो भाग खरा आहे. त्याला काहीच कळत नाही. तो फक्त भिंतीकडं तोंड करून बसला होता.


२४ जाने., शनिवार

कांताशी बोलले.

टोळी जेवणाच्या सुट्टीत होती. तिला बाजूला बोलावलं, बांधावर बसलो. मी सुरुवात केली, कांता, त्या दिवशी तुला जे चावलं...

"भुऱ्यानं चावलं," ती म्हणाली.

मी तिच्याकडं वळले.

"मला काय कळत न्हाई व्हय बाई? माझा हात धरून ते गुरगुरत होतं. तुम्ही पळत आल्या आन 'भुऱ्या सोड, भुऱ्या सोड' म्हणून वरडल्या. तवाच सोडलं त्यानं."

ओरडले होते. हो. हे मी या वहीतही लिहिलं नव्हतं. त्या दिवसाचं पान आत्ता काढून वाचलं. 'मी पोचले तर कांता बांधाला टेकून बसलेली.' असं लिहिलंय. स्वतःच्या वहीत, जी कुणी वाचत नाही, तिथंही मी उशिरा पोचले.

विचारलं, मग तू का गप्प राहिलीस?

"तुम्ही बिबट्या म्हणाल्या. मालकीन म्हणती बिबट्या, मंग मी कुत्रं म्हणून कुठं जाऊ? दवाखान्यात तुमच्याकडं बघितलं, की बाई काय सांगतेत. मागून मुकादम म्हणला, कुत्रं चावलं तर कोन इचारतंय तुला, बिबट्या असंल तर सरकार देतं. मंग मीबी बिबट्याच धरला."

ती रागावून बोलत नव्हती. भाकरी खात होती. डाव्या हातानं.

मी नागपूरचं सांगितलं. सुळ्याचं सांगितलं. जबाब बदलायचा म्हणतेय, असंही.

तिनं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. मग म्हणाली, "घरावर पत्रे टाकले बाई त्या भरपाईत. औंदा पाऊस आत आला न्हाई. पहिल्यांदा. माय म्हणली, आता मरायला हरकत न्हाई." 

"तुझ्याकडून काही परत मागणार नाहीत, मी बघीन," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले?

"तुम्ही बघताल. तवाबी तुम्हीच बघितलं होतं." जास्त बोलले असं वाटलं असेल तिला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिथं खायाला काय देतात त्याला?"

"मटण. रोज."

"आमाला दिवाळीला." हसली. "राग नका धरू बाई. त्यो मुका जीव हाय, माझं त्याच्याशी वैर न्हाई. पण माझं नाव कापून लिवता येतं का?"

नाही येत. बिबट्याचा आणि भरपाईचा, दोन्ही कागद एकच आहेत.

"मंग मला इचारू नका," ती उठली. "इचारलं की मलाबी हो का न्हाई म्हणावं लागतं."


२९ जाने., गुरुवार

काही नाही. लेकरांची वजनं घेतली. एक मुलगी काट्यावर स्थिर उभी राहीना. तीनदा घेतलं, तीनदा वेगळं. खरा आकडा कुठला? मधला लिहिला.


१ फेब्रुवारी, रविवार

कागद लिहिला. चार ओळी. 'दि. ११ डिसेंबर २०२४ रोजी मी दिलेला जबाब खोटा आहे. मी कोणतेही जनावर उसातून जाताना पाहिले नाही. इजा आमच्या पाळीव कुत्र्यामुळे झाली. जखमी महिलेने माझ्या सांगण्यावरून तसे सांगितले, तिची चूक नाही.' शेवटची ओळ तीनदा लिहिली. ती तरी खरी आहे का, की हेही मी तिच्यासाठी ठरवतेय?

शफीकभाईंना दाखवला. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. ओळीवर बोट ठेवून वाचला. त्यांच्या घरच्या, रझियाभाभी, चहा ठेवून उंबऱ्यात थांबल्या.

"एक साल से सोचता था, बाई कब आयेंगी," ते म्हणाले. "फिर सोचा, मैं खुद कौनसा गया. बकरी भी मेरी थी."

भाभी म्हणाल्या, "उस औरत का क्या होंगा? उसका तो सोचो."

त्यांचं बराबर होतं. चहा गार झाला.

"मंगळवारी मला जायचंय त्या बाजूला," शफीकभाई शेवटी म्हणाले. "यायचं तर या. न्हाई आल्या तरी मी काई समजणार न्हाई."


३ फेब्रु., मंगळवार

वनखात्याच्या ऑफिसात बसून लिहितेय. वही पिशवीत होती.

सकाळी भाकरी बांधायला घेतली तर हे म्हणाले, "दोघांची बांध." मला वाटलं येतायत. नाही आले. ती शफीकभाईंसाठी होती.

निघताना टोळीच्या कडेनं जीप गेली. कांता मोळी बांधत होती. वर पाहिलं तिनं. मी हात केला नाही. काय म्हणून करायचा?

इथले कारकून चांगले आहेत. कशासंबंधी, विचारलं. जबाब बदलायचाय, मी म्हणाले. कुणाचा? माझा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. साहेब जंगलात गेलेत, तीनपर्यंत येतील, बसा म्हणाले. कागद माझ्याकडं द्या म्हणाले. मी म्हणाले, साहेबांच्याच हातात देते. खरं तर अजून पिशवीत ठेवायचा होता.

भिंतीवर मोठा फोटो आहे बिबट्याचा. दोन्ही सुळे आहेत त्याचे.

शफीकभाई बाहेर जीपमध्ये. झोपले असतील.

अडीच वाजले. कांताचा फोन येऊन गेला. उचलला नाही. नवऱ्याचा मोबाईल आहे, पण तीच असणार, नवरा मला कधी करत नाही.

परत आला. उचलला. पलीकडं कोयत्यांचा आवाज, कुणीतरी हाक मारत होतं.

"कांता?" मी म्हणाले.

"गेल्या का बाई तुम्ही?"

"बसलेय. साहेब यायचेत."

"बरं."

पुढं काही नाही. नका देऊ म्हणाली नाही. द्या म्हणाली नाही. फोन पण ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येतोय. मीपण ठेवला नाही, वहीशेजारी तसाच चालू आहे.

बाहेर गाडी थांबली. कारकून उठून उभे राहिले.